सव्वा किलोचं अंतर

१४ जुलै २०१२. बार्सिलोनातल्या मोंजुइक टेकडीवरच्या ऑलिंपिक स्टेडियमवर जागतिक ज्युनियर ॲथलेटिक्स स्पर्धेतली हातोडाफेकीची अंतिम फेरी चालू होती. सतरा वर्षांच्या एका मुलाने हातोडा ८५.५७ मीटरवर नेऊन टाकला. अश्रफ अमजद अल-सैफी त्याचं नाव. जन्म इजिप्तचा, जर्सी कतारची. सुवर्णपदक तर मिळालंच, शिवाय वीस वर्षांखालच्या मुलांचा जागतिक विक्रम झाला. तेरा वर्षं उलटली, तो आकडा अजून जागचा हललेला नाही.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी लंडन ऑलिंपिकमध्ये मोठ्यांची अंतिम फेरी झाली. हंगेरीच्या क्रिस्तियान पार्शने ८०.५९ मीटरची फेक करून सुवर्णपदक घेतलं. दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा. मिसरूड फुटायच्या वयातला पोरगा ऑलिंपिक विजेत्याच्या जवळपास पाच मीटर पुढे! पेपरात नुसता निकाल वाचणाऱ्याला वाटावं, लंडनचं पदक भलत्याच गळ्यात पडलं.

तसं काही झालं नव्हतं. पार्शच्या हातात ७.२६० किलोचा हातोडा होता आणि अल-सैफीच्या हातात ६ किलोचा. फरक सव्वा किलोचा. किराणा दुकानात ज्याला कुणी मोजत नाही असं हे वजन, पण त्याच्या अलीकडे राहिलेल्या आणि पलीकडे गेलेल्या मुलांची आयुष्यं अगदी वेगवेगळी झालेली दिसतात.

ज्यांनी हा खेळ कधी जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण टीव्हीवर तो दिसत नाही म्हटलं तरी चालेल. धातूचा एक गोळा, त्याला पोलादी तार, तारेच्या टोकाला पकडायची मूठ. सगळं मिळून लांबी साधारण एक मीटर वीस सेंटिमीटर. २.१३५ मीटर व्यासाचं काँक्रीटचं वर्तुळ, त्याच्याभोवती उंच जाळी, समोर फक्त ३४.९२ अंशांचा मोकळा पट्टा. खेळाडूच्या बुटांना खिळे नसतात, तळवा सपाट आणि गुळगुळीत असतो. उजवा खेळाडू असेल तर डाव्या हातात बोटांची टोकं उघडी असलेला चामड्याचा मोजा, कारण तार ताणली गेली की मूठ बोटांत रुतते. सरावाच्या मैदानावर या मुलांचे हात बघावेत. बोटांच्या पेरांवर घट्टे, घट्ट्यांवर चिकटपट्टी, तिच्यावर पुन्हा मोजा.

तो मैदानाकडे पाठ करून उभा राहतो. डोक्यावरून दोन गरके देतो, गोळ्याला गती आली की स्वतःच फिरायला लागतो. डाव्या पायाची टाच, मग चवडा, पुन्हा टाच. उजवा पाय प्रत्येक फेऱ्यात उचलायचा आणि शक्य तितक्या लवकर परत टेकवायचा, कारण दोन्ही पाय जमिनीवर असतात तेवढ्याच वेळात गोळ्याला वेग देता येतो. असे तीन किंवा चार फेरे. तत्त्व आपल्या शेतातल्या गोफणीचंच, फक्त इथे गोफण फिरवणारा माणूसही गोफणीबरोबर फिरतो. चौथ्या फेऱ्याच्या शेवटी गोळा हातातून सुटतो तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर असतो आणि त्या क्षणी तारेतून खेळाडूच्या खांद्यांवर येणारी ओढ तीनशे किलोंच्या पुढे जाते. माणसाचं वजन एकशे दहा-पंधरा किलो, ओढणारी ताकद त्याच्या जवळपास तिप्पट, आणि हा सगळा खेळ जेमतेम दोन सेकंदांचा. त्यात पाय वर्तुळाबाहेर पडला, किंवा हातोडा पट्ट्याबाहेर गेला, की लाल निशाण.

नवशिक्याला वाटतं हातोडा हातांनी ओढायचा असतो. प्रशिक्षकांचा निम्मा वेळ ही समजूत काढण्यात जातो. हात म्हणजे तारेचाच पुढचा भाग, ते सैल आणि लांब हवेत. काम करायचं ते पायांनी, कमरेने आणि पाठीने. म्हणूनच दंडाच्या बेडकुळ्या दाखवत येणारा मुलगा इथे आपटतो आणि तालात फिरणारा सडसडीत मुलगा पुढे निघून जातो. निदान ज्युनियर वयात तरी.

इथेच सव्वा किलोची मेख आहे. हलका हातोडा लवकर वेग घेतो. चपळ पाय आणि तालाची उपजत जाण असेल, तर सोळा-सतराव्या वर्षीही डोळे दिपवणारं अंतर गाठता येतं. गोळा ७.२६० किलोचा झाला की तोच ताल पेलायला पाठ आणि मांड्या वेगळ्या लागतात. त्या जिममध्ये एका हंगामात तयार होत नाहीत. बरं, ताकद वाढवायच्या नादात वजन वाढलं आणि पाय मंदावले, तर तेलही गेलं आणि तूपही गेलं. अंतर वेगाच्या वर्गावर ठरतं, त्यामुळे सुटतानाचा वेग थोडासा घटला तरी मीटरच्या मीटर गळतात. फिनलंडच्या ओली-पेक्का कार्यालाइनेनने १९९९ मध्ये ज्युनियर वयात मोठ्यांचा हातोडा ७८.१४ मीटर फेकला होता आणि त्या वयात एवढं अंतर म्हणजे चमत्कारच. तरीही ६ किलोच्या विक्रमाच्या ते सात मीटरहून अधिक मागे आहे.

पूर्वी ही भानगड नव्हती. जागतिक ज्युनियर स्पर्धा १९८६ मध्ये अथेन्सला सुरू झाली, आणि २००० च्या सँटियागो स्पर्धेपर्यंत ज्युनियर मुलंही मोठ्यांचाच हातोडा फेकत. २००२ मध्ये किंग्स्टनपासून ६ किलोचा आला. अठरा वर्षांखालच्यांना ५ किलोचा. वाढत्या वयाच्या पाठी आणि गुडघे सांभाळावेत, तंत्र आधी बसावं, ताकद मागून यावी, हा त्यामागचा हिशेब, आणि माझ्या मते तो बरोबरच आहे. पण त्यामुळे एक गोष्ट हरवली. पोलंडचा शिमोन झ्युल्कोव्स्की १९९४ मध्ये लिस्बनला ज्युनियर जगज्जेता झाला तो पुरुषांच्या हातोड्याने. सहा वर्षांनी सिडनीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकताना त्याच्या हातात तेच वजन होतं. त्याला आपण कुठे उभे आहोत हे अठराव्या वर्षीच नेमकं ठाऊक असणार. आजच्या मुलाला ते विसाव्या-एकविसाव्या वर्षी कळतं, आणि तेही धक्क्याने.

भालाफेकीशी तुलना केली की हे चटकन उमगेल. जुलै २०१६ मध्ये पोलंडमधल्या बिडगॉश्च इथे जागतिक वीस वर्षांखालील स्पर्धेत नीरज चोप्राने ८६.४८ मीटर भाला फेकला आणि तो आपल्याला माहीत झाला. ज्युनियर मुलांचा भाला मोठ्यांइतकाच, म्हणजे ८०० ग्रॅमचा असतो. त्यामुळे नीरजचा तो आकडा शंभर नंबरी होता. पुढच्याच महिन्यात रिओ ऑलिंपिकचं कांस्य ८५.३८ ला गेलं, हे आपण हळहळून आजही सांगतो आणि ती हळहळ रास्त आहे. त्याच बिडगॉश्चमध्ये, त्याच स्पर्धेत, हंगेरीच्या बेन्से हलासने हातोडाफेकीचं सुवर्ण जिंकलं. त्याचं अंतर होतं ८०.९३. रिओचं ऑलिंपिक सुवर्ण ७८.६८ ला गेलं. कागदावर हलासही ऑलिंपिक विजेत्याच्या पुढे होता, पण त्याच्यासाठी कुणी हळहळलं नाही. हंगेरीत तर नाहीच. तिथल्या लोकांना हा हिशेब पाठ आहे.

पाठ असणारच. १९५२ मध्ये हेलसिंकीला योझेफ चेर्माकने साठ मीटरची रेषा पहिल्यांदा ओलांडून सुवर्ण नेलं, १९६८ मध्ये द्युला झिवोत्स्कीने, १९९६ मध्ये बालाझ किशने, २०१२ मध्ये पार्शने. एवढ्याशा देशाची ही मिरास. पार्श घडला तो सोम्बातहेय या गावात, पाल नेमेत या प्रशिक्षकाच्या हाताखाली. राजधानीपासून दूर, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळचं ते गाव. मोठमोठी क्रीडासंकुलं आणि परदेशी तज्ज्ञ आणण्याआधी आपल्या धोरणकर्त्यांनी असलं एखादं गाव बघून यावं. एक वर्तुळ, एक जाळी आणि पंधरा-वीस वर्षं तिथून न हलणारा एक माणूस, एवढ्यावर हे पीक आलेलं आहे.

हलासचा आलेख बघण्यासारखा आहे. २०१४ मध्ये सोळा वर्षांचा असताना त्याने बाकूमध्ये ५ किलोचा हातोडा ८७.१६ मीटर फेकला, म्हणजे युरी सेदिखच्या मोठ्यांच्या विक्रमाच्याही पुढे. (सेदिखचा ८६.७४ चा विक्रम १९८६ पासून अबाधित आहे. त्या काळातल्या उत्तेजक चाचण्या किती कडक होत्या, हा विषय निघाला की या खेळातले जाणकार विषय बदलतात.) त्यानंतर दोन वर्षांनी ६ किलोने ८०.९३. मग मोठा हातोडा हातात आला आणि जागतिक सुवर्णपदकं थांबली. २०१९ मध्ये दोहाच्या जागतिक स्पर्धेत कांस्य, २०२३ मध्ये घरच्या बुडापेस्टला पुन्हा कांस्य, २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक रौप्य, ७९.९७ मीटरवर. ज्युनियर जगज्जेतेपदापासून ऑलिंपिक पदकापर्यंत आठ वर्षं. आणि ते पदक देणारी फेक सोळाव्या वर्षीच्या फेकीपेक्षा सात मीटर कमी!

पॅरिसचं कांस्य घेणारा युक्रेनचा मिखाईलो कोखान हा माझ्या मते या पिढीतला सगळ्यात अभ्यासण्याजोगा खेळाडू, आणि त्याची गोष्ट आपल्याशीही जोडलेली आहे. जुलै २०१७ मध्ये नैरोबीला अठरा वर्षांखालच्यांची जागतिक स्पर्धा झाली. कोखानने ८२.३१ मीटर फेकून सुवर्ण घेतलं. त्याच्या शेजारी रौप्यपदक गळ्यात घालून पंजाबचा दामनीत सिंग उभा होता, ७४.२० मीटर. जागतिक पातळीवरच्या हातोडाफेकीत भारतीय मुलगा व्यासपीठावर! क्रिकेटच्या बातम्यांत ते दोन दिवसांत बुडून गेलं, पण ते घडलं होतं.

तिथून दोघांच्या वाटा फुटल्या. कोखान २०१९ मध्ये स्वीडनमधल्या बोरोस इथे युरोपीय ज्युनियर विजेता झाला, ६ किलोने ८४.७३ मीटर. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला, विसाव्या वर्षी, मोठ्या हातोड्याने ८०.३९ मीटर आणि चौथा क्रमांक. २०२२ पासून त्याचं शहर झापोरिझ्झिया युद्धाच्या तोंडावर आहे. तशाही स्थितीत पॅरिसला तो ७९.३९ मीटरवर कांस्य घेऊन गेला. ८४, ८०, ७९ असे आकडे उतरताना दिसतात, माणूस मात्र चढतच असतो. हा उलटा जिना ज्याला वाचता येत नाही त्याने हातोडाफेकीच्या मुलांना शिकवू नये, आणि त्यांच्या बक्षिसांचे निर्णय तर मुळीच घेऊ नयेत.

आपल्याकडे पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम सत्तरीच्या घरात घुटमळतो. पॅरिस ऑलिंपिकची थेट पात्रता ७८.२० मीटर होती. नैरोबीत जो फरक आठ मीटरांचा होता तो भरून निघाला नाही. यात दामनीतचा दोष काढणं अन्यायाचं होईल. सतराव्या वर्षी जागतिक रौप्य मिळवणाऱ्या मुलाला पुढची आठ वर्षं रोज कोण फिरवणार, कोण त्याचा ताल बघणार, वर्षातून किती वेळा त्याला कोखानसारख्यांच्या शेजारी उभं करणार, याचं उत्तर आपल्या व्यवस्थेत कुणाच्याच टेबलावर नसतं. आपली व्यवस्था ज्युनियर पदक वटवून घ्यायला शिकवते. महाराष्ट्रातच बघा ना. दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, गरीब घरच्या मुलांना त्यांनी उभं केलंय. पण त्यामुळे पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या डोक्यात खेळाची शेवटची तारीख एकोणिसाव्या वर्षी येते. हातोडाफेकीत खरा खेळ तिथून सुरू होतो.

स्वतः अल-सैफीचं काय झालं? २०१४ मध्ये यूजीनला तो पुन्हा ज्युनियर जगज्जेता झाला, ८४.७१ मीटर. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचला. २०१८ मध्ये जकार्ताला ७६.८८ मीटरवर आशियाई सुवर्ण जिंकलं. याला अपयश म्हणणाऱ्याने आशियाई सुवर्ण जिंकून दाखवावं. मात्र बार्सिलोनाच्या संध्याकाळी लोकांनी त्याच्याबद्दल जी भाकितं केली असतील, ती काही खरी झाली नाहीत. मोठ्या हातोड्याने ऐंशी मीटर त्याला कधी गाठता आले नाहीत.

आणि ज्याच्याबद्दल ज्युनियर वयात फारशी भाकितं नव्हती तो आज या खेळाचा राजा आहे. कॅनडाचा इथन कॅट्झबर्ग. २०२३ मध्ये एकविसाव्या वर्षी बुडापेस्टला तो हातोडाफेकीतला सगळ्यात तरुण जगज्जेता झाला. पॅरिसला ८४.१२ मीटर फेकून दुसऱ्या क्रमांकाला चार मीटर मागे टाकलं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ८४.७०. त्याचा प्रशिक्षक डिलन आर्मस्ट्राँग, हा स्वतः गोळाफेकीतला ऑलिंपिक पदकविजेता. आर्मस्ट्राँगला कॅनडातल्या कॅमलूप्स गावात घडवलं ते अनातोली बोंदार्चुकने, जो १९७२ चा ऑलिंपिक हातोडाफेक विजेता आणि सेदिखचा गुरू. म्हणजे सोव्हिएत काळातलं घराणं गुरुशिष्य परंपरेने कॅनडात रुजलं. बोंदार्चुकची पद्धत सांगायची तर हलके आणि जड असे वेगवेगळ्या वजनांचे हातोडे सरावात आलटून पालटून फेकायचे, एका वजनाची सवयच लागू द्यायची नाही. सव्वा किलोच्या धक्क्यावर याहून नेमका उतारा नसेल.

ज्युनियर जागतिक स्पर्धेतली ही फेरी कशी चालते तेही सांगतो. आधी पात्रता, प्रत्येकाला तीन संधी. बारा जण अंतिम फेरीत, तिथे पुन्हा तीन, मग आघाडीवरच्यांना आणखी संधी. वाचायला सोपं वाटतं. पण अठरा वर्षांच्या मुलाचे पहिले दोन हातोडे जाळीत गेले, तर तिसऱ्या वेळी वर्तुळात पाऊल टाकताना त्याचा चेहरा पांढराफटक पडलेला असतो. जाळीत गेलेला हातोडा साखळ्या आपटाव्यात तसा आवाज करतो आणि तो मैदानभर ऐकू जातो. घाबरलेला मुलगा घाईने हात आवळतो, हात आवळले की गोळ्याचं वर्तुळ लहान होतं, आणि हातोडा पुन्हा जाळीत. राष्ट्रीय विजेते असे कोरा रकाना घेऊन घरी परततात. बाकी मोठ्या स्पर्धांत फेकलेले हातोडे परत आणायला रिमोटवर चालणारी छोटी गाडी असते आणि प्रेक्षकांतली लहान मुलं खेळापेक्षा तिच्याकडेच जास्त बघतात.

प्रेक्षकही थोडेच. हातोडा गवतात खळगा पाडतो, फुटबॉलचं मैदान सांभाळणाऱ्यांना तो नको असतो, आणि प्रसारणवाल्यांना त्यापेक्षा शंभर मीटरची धाव परवडते. डायमंड लीगच्या मुख्य कार्यक्रमात या प्रकाराला जागा दिलेली नाही. त्यामुळे पैसा कमी, पैसा कमी म्हणून मुलं कमी. दुष्टचक्र म्हणतात ते हेच.

भारतात या खेळाचा एक चेहरा घराघरात पोचलेला आहे, फक्त त्याला आपण दुसऱ्या कारणासाठी ओळखतो. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’ मालिकेतला भीम. प्रवीणकुमार सोबती १९६६ च्या किंग्स्टन राष्ट्रकुल स्पर्धेत हातोडाफेकीचं रौप्य घेऊन आले होते आणि दोन ऑलिंपिक खेळले होते. हातातली गदा ज्या सहजतेने फिरायची, तिच्यामागे वर्तुळातली वर्षं होती. २०२२ मध्ये ते गेले तेव्हा बहुतेक बातम्यांत आधी भीम होता आणि खेळाडू तिसऱ्या परिच्छेदात.

महाराष्ट्राचाही या खेळाशी एक प्रसंग जोडलेला आहे. जुलै २०१३ मध्ये पुण्याला बालेवाडीत आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा झाली आणि हातोडाफेक जिंकली ताजिकिस्तानच्या दिलशोद नझारोव्हने. तीन वर्षांनी त्याने रिओत देशाचं पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण आणलं. मग २०११ च्या त्याच्या नमुन्याची नव्याने तपासणी झाली, बंदी असलेलं द्रव्य सापडलं आणि ऑगस्ट २०११ ते ऑगस्ट २०१३ या काळातले त्याचे निकाल रद्द झाले. बालेवाडी त्यातच आलं. रिओचं सुवर्ण मात्र त्याच्याकडेच राहिलं. न्याय तारखेवर चालतो तो असा.

आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत हा खेळ न रुजण्याचं खरं कारण जाळी हे आहे. तिला खर्च येतो, शिवाय मैदानाचा मोठा तुकडा रिकामा ठेवावा लागतो. त्याच मैदानावर सकाळी फिरणारे असतात, क्रिकेटचे नेट असतात, पोलीस भरतीची मुलं धावत असतात. अशा ठिकाणी हातोडा फेकणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि हे शब्द मी उगाच वापरत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळात पाला इथे राज्य ज्युनियर स्पर्धेत भालाफेक आणि हातोडाफेक एकाच वेळी शेजारी शेजारी चालू ठेवली होती. पडलेले भाले गोळा करायला गेलेल्या शाळकरी स्वयंसेवकाच्या डोक्यात हातोडा बसला. सतरा दिवस तो रुग्णालयात झुंजला आणि गेला. वेळापत्रक वाचवण्याच्या नादात एक मूल गेलं. स्पर्धा भरवणाऱ्या प्रत्येक जिल्हा संघटनेने ही घटना लिहून भिंतीवर लावावी. एका वेळी एकच फेक, हा नियम मोडून वाचवलेल्या अर्ध्या तासाला काडीची किंमत नाही.

पुढची जागतिक वीस वर्षांखालील स्पर्धा ऑगस्ट २०२६ मध्ये अमेरिकेत यूजीनला आहे. हातोडाफेक कुठला वाहिनीवाला दाखवेल याची खात्री नाही, पण निकाल फोनवर मिळतील. अंतिम फेरीतल्या बाराही मुलांची नावं वहीत उतरवून घ्या. भारतीय नाव असलं तर ठळक लिहा. अंतरं नाही लिहिलीत तरी चालेल. आणि वही टाकून देऊ नका, २०३२ च्या ब्रिस्बेन ऑलिंपिकच्या वेळी ती लागेल.